सैतानाच्या बाजूचं घड्याळ

"वेळ कुठल्या घड्याळात बघितलीत?" न्यायाधीशबाईंनी विचारलं.

"उजव्या मनोऱ्यावरच्या," मी म्हणालो.

आणि सगळी खोली हसली.

मोठ्याने नाही. नाकातून. चौकशी चर्चच्याच हॉलमध्ये भरली होती. टेबलाशी बसलेला लेखनिक हसला, दाराशी उभे असलेले दोन पोलीस हसले, भिंतीकडेच्या बाकावर बसलेले गावातले सातआठ जण हसले. या सातआठ जणांचा प्रकरणाशी संबंध एवढाच, की कंत्राटदार सलवु हा गावच्या बँड क्लबाचा अध्यक्ष होता आणि जत्रेचे फटाके तो उडवायचा. सलवु स्वतः हसला नाही. त्याने मान खाली घातली. दुःखात आहे असं दाखवायचं असेल तर माणूस हसत नाही, एवढं त्याला कळत होतं.

माझा जोडीदार सर्जेराव रेडेकर, तालुका आजरा, जिल्हा कोल्हापूर, मरून त्या दिवशी सहा दिवस झाले होते. आणि लोक नाकातून हसत होते.

सलवुचा वकील उठला. "बाईसाहेब, आपल्याला ठाऊकच आहे, पण नोंदीसाठी सांगतो. हाल-तुमनाच्या चर्चला दोन मनोरे आणि दोन घड्याळं आहेत. डावं घड्याळ खरं, ते लोकांसाठी. उजवं मुद्दाम चुकीची वेळ दाखवतं, ते सैतानासाठी. प्रार्थना किती वाजता आहे हे त्याला कळू नये आणि त्याने येऊन विघ्न आणू नये, म्हणून. आपल्या बेटावर ही जुनी रीत आहे. साक्षीदाराने अपघाताची वेळ सैतानाच्या घड्याळात बघितली."

पुन्हा नाकं वाजली.

"मग डावीकडच्यात का नाही बघितलीत?" बाई मला म्हणाल्या.

"डाव्या मनोऱ्याचीच दुरुस्ती चालू होती. तो जाळीत गुंडाळलेला होता. आणि फोन सलवुच्या बादलीत होते."

"बादलीत?"

"कामाच्या वेळेत सगळ्यांचे फोन तो बादलीत जमा करतो आणि बादली पिकअपमध्ये कुलूपबंद ठेवतो. फोनमुळे अपघात होतात, असं त्याचं मत आहे. हेल्मेटबद्दल त्याचं काही मत नाही."

हे कुणी लिहून घेतलं नाही.

भांडण पंचावन्न मिनिटांचं होतं. काम अडीचला सुटायचं. मी म्हणत होतो, सर्जा दोन वाजून दहा मिनिटांनी पडला. सलवु म्हणत होता, तीन वाजून पाच मिनिटांनी. सुटी झाल्यावर चोरून वर चढला, वीजरोधकाची तांब्याची पट्टी कापायला. सर्जाच्या पिशवीत हातभर तांबं सापडलंही होतं. म्हणजे दोन दहाला पडला असेल तर तो कामावर मेलेला गवंडी. तीन पाचला पडला असेल तर चोर. पेटी आजऱ्याला जायचीच होती. तिच्याबरोबर कुठला कागद जाणार, एवढंच या खोलीत ठरायचं होतं. गावात त्याची आई होती, बायको होती, दहावीतली मुलगी होती. इंग्रजी कागद वाचता येणारी घरात तीच एक.

बाईंनी मग झेप्पीला उभं केलं. झेप्पी म्हणजे चर्चची देखभाल करणारा म्हातारा. वय एक्क्याऐंशी, दोन्ही गुडघे गेलेले. घंटा, मेणबत्त्या, झाडलोट आणि दोन्ही घड्याळं त्याच्याकडे. सर्जा त्याला पहिल्या दिवसापासून 'गुरवबाबा' म्हणायचा. "देवाचं समदं बघतोय, तर गुरवच की."

"त्या दिवशी उजवं घड्याळ चालू होतं का?" बाईंनी विचारलं.

झेप्पीने काखेत एक जाड वही धरली होती. ती त्याने दुसऱ्या काखेत घेतली.

"ते घड्याळ खोटं असतं, बाईसाहेब."

"मी त्या दिवसाचं विचारते आहे."

"ते खोटंच असतं."

बाईंनी अर्धा तास सुटी दिली. सलवुने बाहेर जाताना झेप्पीच्या खांद्यावर थोपटलं.

झेप्पी खोटं बोलत होता. हे जगात दोघांना ठाऊक होतं, त्याला आणि मला. कारण ते घड्याळ मी दुरुस्त केलं होतं.

*

मी सावंतवाडीचा. वडलांचं घड्याळदुरुस्तीचं दुकान. एजंटने मला माल्टाला पाठवलं ते 'हेरिटेज टेक्निशियन' म्हणून. तिथे पोचल्यावर कळलं, की त्याचा अर्थ दगड वर नेणारा. सर्जेराव खरा गवंडी होता, चौतिशीचा, माझ्यापेक्षा दहा वर्षांनी मोठा. माल्टाचा पिवळा दगड त्याने पहिल्यांदा हातात घेतला आणि नखाने खरवडला.

"गौऱ्या, ह्यो दगड न्हवं. ही बेसनाची वडी हाय."

"आमच्या जांभ्यासारखा आहे रे. वारा लागला की घट्ट होतो."

"मग ह्यांच्या माणसांना का वारा लागत न्हाई?" सर्जा म्हणाला, सलवुकडे बघत.

झेप्पी मात्र आम्हाला रोज दहा वाजता काचेच्या पेल्यात दाट दुधाचा चहा द्यायचा आणि टोमॅटो चोळलेला, तेलात भिजलेला पाव. 'गौरेश' त्याला म्हणता येईना, म्हणून मी जॉर्ज. 'सर्जेराव' मात्र स्पष्ट म्हणायचा, पूर्ण, 'राव'सकट. हे मला अजून कोडं आहे.

जुलैतल्या एका शनिवारी त्याने मला उजव्या मनोऱ्याची किल्ली दिली. वर कबुतरांनी घरटी केली होती आणि त्याला दिवसातून दुसऱ्यांदा चौऱ्याण्णव पायऱ्या चढवत नव्हत्या. मी वर गेलो. कबुतरं होतीच. त्यांच्या मागे, पंच्याहत्तर वर्षांच्या विष्ठेखाली, लोखंडी चौकटीत एक घड्याळ होतं. दातेरी चाकं माझ्या मांडीएवढी. एक दात तुटलेला नाही. फक्त चिकटलेलं, वजनाची दोरी कुजलेली.

मला कुणी काही सांगितलं नव्हतं. उजवं घड्याळ रोज वेगळ्याच वेळेवर बंद असतं, हे मी बघत होतो, आणि बिचाऱ्या म्हाताऱ्याला ते जमत नाही असं मला वाटत होतं. माझ्या बापाच्या दुकानात बंद घड्याळ रात्रभर राहिलं तर त्याला जेवण जात नसे. मी रॉकेल आणलं, परांचीची दोरी आणली, बादलीत दगड भरून वजन केलं. चार तास लागले. लंबकाला बोट लावलं आणि ते चालायला लागलं, जणू मधे जरा डुलकी लागली होती. खरी वेळ लावली आणि मी खाली आलो. बक्षीस म्हणून पाव जास्त मिळेल, अशी अपेक्षा होती.

रविवारी सकाळी झेप्पीने मला दंडाला धरून मनोऱ्याखाली नेलं.

"हे तू काय केलंस?"

"दुरुस्त केलं."

"कुणी सांगितलं?"

"कुणी नाही. असंच. तुमच्यासाठी."

तेव्हा त्याने मला सैतानाचं सगळं सांगितलं. पूर्वी हे घड्याळ चालायचं, पण त्याचे वडील ते काही तास पुढेमागे ठेवायचे. बेचाळीस साली बाँब पडत होते तेव्हा हादऱ्याने बंद पडलं. तेव्हापासून रोज पहाटे वर जाऊन काटे हाताने फिरवायचे. रोज नवीन खोटी वेळ. एकच ठेवली तर सैतान हिशेब करील. लावलेली वेळ वहीत लिहायची, म्हणजे महिन्यात तीच पुन्हा येत नाही. आधी वडील, मग हा. काखेतली वही ती हीच. खोट्या वेळांची वही.

मी हसू दाबत होतो. त्याने ते बघितलं.

"हसू नकोस. तुर्क आले ते वेळेवर आले. फ्रेंच वेळेवर आले. इंग्रजांना आम्हीच बोलावलं, तेही वेळेवर आले. जर्मन तर दिवसातून चार वेळा यायचे, एकदाही उशीर नाही. या बेटावर जो आला तो वेळेवर आला, जॉर्ज. चुकवता येण्यासारखा हा एकच उरलाय."

"आमचे लोक नाही आले कधी?"

"आले ना. माझ्या पणजोबाने बघितले. इंग्रजांनी मुंबईहून आणलेले शिपाई, हजारो. तंबू ठोकले, कवायत केली, डाळ शिजवली आणि दोनतीन महिन्यांत निघून गेले. असले पाहुणे आम्हाला पुन्हा मिळाले नाहीत."

"मग बंद करू का घड्याळ?"

तो वर बघत राहिला. टोलेजंग भिंतीतून ठक, ठक असा आवाज खालपर्यंत येत होता.

"सहा वर्षांचा होतो मी," तो म्हणाला, "तेव्हा हा आवाज बंद झाला. वडलांबरोबर वर जायचो. त्यांच्या मांडीवर बसून ऐकायचो." मग म्हणाला, "उद्या बंद कर."

सोमवारी सकाळी साडेसहाला त्याने किल्ली दिली. मी वर जाऊन वजन ओढलं आणि खाली आलो. त्याने विचारलं नाही, मी सांगितलं नाही. "उद्या नक्की बंद कर," तो म्हणाला. मंगळवारीही तेच म्हणाला. असे अकरा दिवस गेले.

तुम्ही म्हणाल, गावाच्या लक्षात आलं नाही? नाही आलं. कारण हाल-तुमनातला कुणीच त्या घड्याळाकडे बघत नाही. लहानपणापासून बघायचं नाही हेच शिकवलेलं. डावं जाळीत गेल्यावर लोक फोनमध्ये बघायला लागले, पण मान उजवीकडे वळली नाही. त्या घड्याळात बघणारे तिघेच होते. सैतान, सर्जा आणि मी.

*

बाराव्या दिवशी आम्ही डाव्या मनोऱ्यावर चौथ्या मजल्याइतके उंच होतो. परांचीचा एका बाजूचा कठडा सलवुने आदल्या दिवशी काढायला लावला होता, मोठे दगड आत घ्यायला सोपं पडतं म्हणून. परत लावू म्हणाला होता. सेफ्टी बेल्ट पिकअपमध्ये होते, बादलीच्या शेजारी.

सर्जाने तंबाखू मळली. "गौऱ्या, किती वाजलं?"

जाळीच्या फटीतून उजवा मनोरा दिसायचा. मी वळून बघितलं. "दोन दहा. वीस मिनिटं राहिली."

उत्तर आलं नाही. मी परत वळलो तेव्हा फळीवर चुन्याची डबी होती आणि सर्जा नव्हता.

मी खाली कसा पोचलो ते आठवत नाही. तो चर्चच्या बाजूला, पिवळ्या फरशीवर कुशीवर पडला होता, झोपल्यासारखा. श्वास चालू होता. सलवु धावत आला. निळा शर्ट, कडक इस्त्री.

"अँब्युलन्स!" मी ओरडलो.

"केला फोन. येतेय. तू त्याचा हात धर. हलवू नकोस."

मी हात धरला. सलवु पिकअपकडे गेला आणि हेल्मेट घेऊन आला. ते त्याने सर्जाच्या डोक्यात घातलं. हनुवटीखालचा पट्टा लागेना, कारण डोकं एका बाजूला झालं होतं. त्याने तो काळजीपूर्वक लावला. मला वाटलं, डोक्याला आधार म्हणून घालतोय. मी त्याला 'थँक यू' म्हणालो.

हे पुन्हा लिहितो. मी त्याला थँक यू म्हणालो.

दोन नेपाळी भाऊ आमच्याबरोबर कामाला होते. त्यांना सलवुने वर पाठवलं. ते पाइप घेऊन चढले आणि मला कठडा बसवल्याचे ठोके ऐकू आले. मला वाटलं, पुन्हा कुणी पडू नये म्हणून. चांगला माणूस आहे. मी मधूनमधून उजव्या घड्याळात बघत होतो. दोन वीस. दोन चाळीस. "येतेय," सलवु म्हणत होता. दुपारची वेळ, गावाच्या खिडक्या मिटलेल्या, गल्लीत कुत्रंसुद्धा नाही. झेप्पी चर्चच्या बाजूच्या दारात उभा होता, हातात वही, तोंड उघडं. तोही वर घड्याळाकडे बघत होता.

सलवुने फोन केला तीन पाचला. अँब्युलन्स आली तीन वीसला. पंधरा मिनिटं. बेट एवढंसं आहे.

सर्जा दुसऱ्या दिवशी सकाळी गेला. डॉक्टरणीने मला विचारलं, याला इतक्या उशिरा का आणलं?

*

सुटीच्या त्या अर्ध्या तासात मी झेप्पीला चर्चच्या मागच्या खोलीत गाठलं. तो वेदीवरची कापडं घडी करत होता. एकदा केलेली घडी मोडून पुन्हा करत होता.

इंग्रजीत तू आणि तुम्ही एकच. पण त्या दिवशी मी त्याला 'तू' म्हणालो, हे मला ठाऊक आहे आणि त्यालाही कळलं.

"तुला काय दिलं सलवुने?"

"काही नाही."

"घाबरतोस त्याला?"

"त्याच्या बापाला मी चर्चमधून कान धरून बाहेर काढलाय. मी त्याला कशाला घाबरू?"

"मग खोटं का बोललास? अकरा दिवस तू किल्ली दिलीस मला! अकरा दिवस खाली उभा राहून ऐकत होतास!"

झेप्पीने कापड खाली ठेवलं.

"म्हणूनच," तो म्हणाला. "चारशे वर्षं त्याला वेळ कळू दिली नाही. माझ्या बापाने बाँब पडताना चढून काटे फिरवले. आणि मी, एका आवाजासाठी, अकरा दिवस त्याला खरी वेळ दाखवली. तो आला. बरोबर आला. घड्याळ खरं होतं असं मी म्हटलं, तर सर्जेरावला मी मारलं, जॉर्ज."

एवढा राग मला आयुष्यात आला नव्हता. सलवुचा राग निदान सरळ होता. पण हा माणूस चांगला होता, आम्हाला पाव देत होता, आणि आपल्या पापाला कवटाळून माझ्या मित्राला चोर ठरवायला बसला होता.

"सैतानाला वेळ कळायला तुझं घड्याळ लागतं?" मी ओरडलो. "अरे, त्याच्या मनगटावर आहे! सोन्याचं! तारीख दाखवणारं! मी घड्याळजीचा मुलगा आहे, मी नीट बघितलंय. सेकंदाचा फरक नाही त्यात!"

झेप्पी माझ्याकडे बघत राहिला.

"कुणाच्या मनगटावर?"

"हेल्मेटचा पट्टा लावत होता तेव्हा माझ्या नाकासमोर होतं ते."

"सोन्याचं," झेप्पी म्हणाला. त्याचा चेहरा हिशेब करणाऱ्या माणसासारखा झाला. "म्हणजे आधीपासून होतं?"

"मी कामाला लागलो त्या दिवसापासून आहे."

"म्हणजे आमचं घड्याळ खोटं असतानासुद्धा त्याला वेळ कळत होती?"

"रोज!"

तो खुर्चीवर बसला. मग मी जे बोललो ते बोलायचं ठरवलं नव्हतं.

"सर्जाने शेवटचं विचारलं ते एवढंच, की किती वाजले. मी तुझ्या घड्याळात बघून सांगितलं. ते खोटं होतं म्हणतोस, तर मग त्याला शेवटचं खोटं मी सांगितलं. तसं लिहू दे त्यांना?"

हॉलमधून लेखनिकाने हाक मारली. झेप्पी उठला. वही काखेत घेतली आणि लंगडत पुढे गेला.

*

"मला पुन्हा बोलायचंय," तो बाईंना म्हणाला.

वकील अर्धवट उठला. बाईंनी त्याला बस म्हणून खूण केली.

"घड्याळ खरं होतं," झेप्पी म्हणाला.

बाकावर कुणीतरी छातीवर क्रूस काढला. या वेळी कुणाच्या नाकातून आवाज आला नाही.

"अकरा दिवस खरं होतं. बाराव्या दिवशीही. या पोराने दुरुस्त केलं आणि मी चालू ठेवलं. चूक माझी. ही वही आहे. रोजची खोटी वेळ मी यात लिहितो. ही अकरा पानं कोरी आहेत, कारण लिहायला खोटं काही नव्हतं." त्याने पान उलटलं. "आणि हे बारावं."

"त्यावर काय आहे?"

"त्या दिवशी सैतान आला. मी दारात होतो. आमच्या घरात वेळ लिहून ठेवायची सवय आहे, म्हणून लिहिली." त्याने चष्मा लावला आणि वाचायला लागला. माल्टीजमध्ये वाचत होता, मला अर्धंच कळत होतं, पण आकडे कळत होते, आणि 'शितान' हा शब्द मला भाषांतराशिवाय कळत होता.

"दोन दहा. माणूस पडला. सैतान आला, निळ्या शर्टात. म्हणाला, फोन केलाय. दोन चौदा. पडलेल्याच्या डोक्यात हेल्मेट घातलं. दोन वीस. दोघांना कठडा लावायला वर पाठवलं. दोन चाळीस. पडलेल्याच्या पिशवीत काहीतरी लांब घातलं. तीन पाच. फोन कानाला लावला."

बाकावरचे सातआठ जण जमिनीकडे बघत होते. त्यांच्यातल्या दोघांची घरं चर्चसमोर होती, आणि मला तेव्हा पहिल्यांदा वाटलं, की मिटलेल्या सगळ्याच खिडक्यांमागे माणसं झोपलेली नसतात.

"सैतान म्हणजे," बाई सावकाश म्हणाल्या, "तुम्हाला इथे बसलेलं कुणी म्हणायचंय का?"

"नावं सांगणं माझं काम नाही," झेप्पी म्हणाला. "मी वेळ सांगतो."

सलवुने डावा हात टेबलाखाली घेतला. बाईंनी ते बघितलं. लेखनिकानेही बघितलं आणि लिहायला लागला.

मग मागच्या रांगेतून थोरला नेपाळी उभा राहिला. "कठडा आम्ही नंतर लावला," तो म्हणाला. एवढंच. परत बसला. त्याचं कामाचं परमिट सलवुच्या हातात होतं.

*

पेटीबरोबर जो कागद गेला त्यावर लिहिलं होतं, 'कामावर असताना, दुपारी दोन वाजून दहा मिनिटांनी'. सर्जाच्या मुलीने तो घरात सगळ्यांना वाचून दाखवला, असं मला नंतर कळलं. सलवुवर खटला उभा राहिला. तारखा पडतात. मध्यंतरी तो पुन्हा क्लबाचा अध्यक्ष झाला. मी सैतानाच्या घड्याळात वेळ बघितली म्हणून हसले होते ना, त्यांनीच निवडून दिला. त्या नाकातल्या हसण्याचा राग माझा गेलेला नाही. जावा अशी इच्छाही नाही.

माझं परमिट तीन आठवड्यांत रद्द झालं. उजवं घड्याळ मी तोवर चालूच ठेवलं होतं. निघायच्या आदल्या रविवारी झेप्पी किल्ली घेऊन आला.

"चल. बंद करायचंय."

"मी करून येतो."

"मीही येणार."

चौऱ्याण्णव पायऱ्यांना आम्हाला पाऊण तास लागला. वर पोचल्यावर तो लाकडी खोक्यावर बसला आणि डोळे मिटून ऐकत राहिला. ठक, ठक. कबुतरं परत आली होती. खाली प्रार्थना सुटत होती, लोक चौकात येत होते.

"हं," तो म्हणाला.

मी लंबक हाताने धरला. बापाला हे कळलं असतं तर त्याने मला घरात घेतलं नसतं.

"कुठली वेळ लावू?"

"खोटी पाहिजे."

"खोटी म्हणजे कुठली?"

त्याने वही उघडली, मांडीवर घेतली आणि पेन्सिल जिभेला लावून लिहिलं. मग वही माझ्याकडे वळवली. तीन पाच.

मी काटे फिरवले. काटे थांबले तेव्हा खाली एक बाई सहज वर बघून थबकली. तिने शेजारणीला कोपर मारलं. मग एकेक करत लोक माना वर करायला लागले. ज्या घड्याळाकडे बघायचं नाही असं पिढ्यान्पिढ्या शिकवलेलं, त्याच्याकडे अख्खा चौक बघत उभा राहिला. क्लबाच्या पायरीवर सलवु होता. त्यानेही वर बघितलं, आणि सवयीने मनगट पुढे केलं. मग ते तसंच खिशात घातलं.

"उद्या कुठली लावणार?" मी झेप्पीला विचारलं. "परवा? मी तर असणार नाही."

झेप्पीने वहीला दोरी गुंडाळली आणि गाठ मारली. एक नाही, तीन.

"आता बदलणार नाही," तो म्हणाला. "गुडघा दुखतो."